सिरॅमिक शिकायचंय? आधी आपल्या शिवारातली माती भाजून बघा

नवशिक्यांनी ज्योत्स्ना भट्ट (1940–2020) यांचं काम आधी नीट पाहावं. त्या मूळच्या कच्छमधल्या मांडवीच्या. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं सिरॅमिक शिकवलं. मांजरं, पक्षी, कमळाच्या कळ्या असे मोजके विषय, स्टोनवेअर (खूप उष्णतेला भाजलेली घट्ट भांडी) आणि चकाकी नसलेली मॅट ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर), यांतच त्या खोल उतरत गेल्या. साध्या आकारात चूक लपत नाही, म्हणून तो अवघड. या क्षेत्रात टिकायचं असेल तर हेच उचला: एक माती, एक तापमान आणि दोन ग्लेझ पक्क्या होईपर्यंत तिसरीकडे वळू नका.

खानदेशातली काळी कपाशीची माती एकटी चालत नाही. ती पाणी पिऊन फुगते, वाळताना तेवढीच आकसते आणि तडकते. तिच्यात नदीचा गाळ आणि भाजक्या भांड्यांचा बारीक चुरा मिसळून वेगवेगळी प्रमाणं करून पाहा. चुरा 10 ते 20 टक्के पुरतो. प्रत्येक मिश्रणाची 1 सेंटिमीटर जाड पट्टी करा, ओली असतानाच तिच्यावर बरोबर 100 मिलिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर आणि भाजल्यावर ती पुन्हा मोजा. 92 भरली तर आकुंचन 8 टक्के. वाळतानाच रेघ 90 च्या खाली गेली तर काळी माती कमी करा.

दुसरा शत्रू चुनखडी. मातीवर सौम्य आम्ल टाकल्यावर फेस आला तर ती आहे असं समजा. भट्टीत तिचा कळीचा चुना होतो, तो नंतर हवेतली ओल शोषून फुगतो आणि चांगल्या भांड्याचा टवका उडवतो, कधी विकल्यानंतरही! म्हणून माती पाण्यात कालवून 60 मेशच्या (इंचाला 60 छिद्रांच्या) चाळणीतून गाळाच.

चैत्र-वैशाखातल्या झळांनी काठ आधी वाळतो, बूड ओलं राहतं, आणि भांडं तिथेच फाटतं. काठाला प्लास्टिक गुंडाळा, भांडं उलटं ठेवा, पंखा नको. मांजरासारखी आकृती आतून पोकळ हवी, भिंत 8 ते 10 मिलिमीटर, तळाला भोक. भट्टीत वस्तू फुटते ती बहुधा अडकलेल्या हवेनं नव्हे, राहिलेल्या ओलीनं. म्हणून पहिल्या भाजणीत 120 अंशांपर्यंत तासाला 50 अंशांहून जास्त चढवू नका. 573 अंशांच्या आसपास मातीतला वाळूसारखा क्वार्ट्‌झ एकदम प्रसरण पावतो, तिथेही सावकाश. 950 ला थांबा आणि भट्टी 100 च्या खाली आल्यावरच उघडा.

आपली साधी माती स्टोनवेअरच्या उष्णतेला वितळते. 1260 अंशांसाठी स्टोनवेअरची तयार माती विकतच घ्या.

या उष्णतेची ग्लेझ मात्र घरची होऊ शकते. पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळक्या काड्यांची) राख 40, फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं खनिज) 40, चायना क्ले (पांढरी माती) 20 हे सुरुवातीचं प्रमाण. ओली राख हात भाजते, हातमोजे घाला; कोरडी चाळताना मास्क लावा. केळीच्या खांबांची राखही वापरून पाहा. तिच्यात पोटॅश भरपूर असतं आणि ते धुताना पाण्याबरोबर निघून जातं, त्यामुळे धुतलेली आणि न धुतलेली यांचे नमुने वेगळे भाजा. पोतंभर पऱ्हाट्यांची राख थोडीच निघते आणि शेत बदललं की रंगही बदलतो. वर्षभराची राख एकाच शेतातून एकदमच जमवा, सगळी एकत्र कालवा आणि डब्यावर शेत, साल, चाळणी लिहून ठेवा.