कॅनमधील कॉफी आणि कॅफीनमुक्त कॉफी : या चुका टाळा

रक्तदाब, आम्लपित्त किंवा झोपेची तक्रार सुरू झाली की डॉक्टर कॉफी कमी करण्यास सांगतात आणि घरात पर्यायांचा शोध सुरू होतो. सातारा-सांगलीकडे हे पर्याय दोन बाजूंनी येतात. महामार्गावरील दुकानांच्या फ्रीजमध्ये थंड कॉफीचे कॅन असतात, तर प्रदर्शनांत आणि आठवडी बाजारांत गहू, नाचणी, सोयाबीन, खजुराच्या बिया असे पदार्थ भाजून दळलेल्या, कॉफीसारखे पेय करण्याच्या पुडी मिळतात. दोन्हींबाबत होणाऱ्या बहुतेक चुका वेष्टनावरील एकाच शब्दावर विसंबल्यामुळे होतात.

सर्वांत जास्त गैरसमज चिकोरीबद्दल आहे. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ आणि त्यात कॅफीन नसते, हे खरे. परंतु किराणा दुकानातील 'कॉफी-चिकोरी मिश्रण' ही चिकोरी नव्हे. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे लागते आणि दोन्हींची टक्केवारी वेष्टनावर छापावी लागते. 'चिकोरीवाली कॉफी घेतो, म्हणजे कॅफीन बंद केले' असे म्हणणाऱ्याने ती टक्केवारी एकदा वाचावी. शुद्ध चिकोरीतही एक खोच आहे. तिच्यातील इन्युलिन हा तंतुमय पदार्थ पोटात आंबतो आणि सवय नसलेल्याला गुबारा धरतो, म्हणून सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी. शिवाय चिकोरी आणि आपल्या बांधाबांधावर माजलेले गाजर गवत एकाच कुळातील आहेत. गाजर गवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते, त्यांनी चिकोरी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

'डिकॅफ' म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी, पण तिच्यात थोडे कॅफीन उरतेच. 'हर्बल' हा शब्द तर कॅफीनबद्दल काहीच सांगत नाही, कारण ग्वाराना आणि येर्बा माते या वनस्पतींत भरपूर कॅफीन असते आणि ग्रीन टीचा अर्क घातलेल्या पुडीतही ते येते. घटकांच्या यादीत ज्येष्ठमध असेल तर रक्तदाबाच्या रुग्णांनी ती पूड रोज घेऊ नये. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. ज्या कारणासाठी कॉफी सोडली, तेच कारण दुसऱ्या दाराने घरात घेण्यात काय हशील?

'ही पूड प्यायल्यापासून डोके दुखते' ही तक्रारही नेहमीची. दोष बहुधा पुडीचा नसून एकदम बंद केलेल्या कॅफीनचा असतो. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत डोके जड होऊ लागते आणि हा त्रास आठवडाभर राहू शकतो. कॉफी टप्प्याटप्प्याने कमी करावी आणि दिवसभरात होणारे चहाही हिशेबात धरावेत. कॉफी सोडल्याचे समाधान मानून पाहुण्यागणिक चहा घेणारे आपल्याकडे कमी नाहीत.

खपली गव्हाच्या कॉफीला सध्या मागणी आहे. खपली हा आपल्या भागाचा अभिमान आहे, चवीलाही उत्तम आहे, पण त्यात ग्लुटेन हे गव्हातील प्रथिन असते. सीलिअ‍ॅक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा विकार) असलेल्यांना खपली, साधा गहू आणि जव तिन्ही वर्ज्य आहेत, मग ते कितीही काळे भाजलेले असोत. त्यांच्यासाठी नाचणी किंवा खजुराच्या बिया योग्य.

टाकळ्याबाबतची चूक मात्र जिवावर बेतू शकते

पावसाळ्यात ज्याची कोवळी भाजी करतात, त्या टाकळ्याच्या बिया भाजून कॉफीसारखे पेय करतात आणि ते चांगले लागते. अडचण अशी की, त्याच माळावर त्याचा भाऊबंद कासविंदाही उगवतो, ज्याला काही ठिकाणी रान टाकळाच म्हणतात. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाल्ल्यामुळे लहान मुलांच्या यकृताला, स्नायूंना आणि मेंदूला इजा होऊन मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय अभ्यासांत आहेत. भाजल्याने विषाची तीव्रता कमी होते, परंतु घरच्या कढईतील भाजणे सर्वत्र सारखे होत नाही, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवू नये. ओळख झाड उभे असतानाच पटवावी. टाकळ्याच्या पानात बहुधा पर्णिकांच्या (एकाच देठावरील छोट्या पानांच्या) तीन जोड्या असतात आणि त्यांची टोके गोलसर असतात, शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याच्या पर्णिका चार ते सहा जोड्यांच्या आणि टोकदार असतात, शेंग चपटी, रुंद आणि फिकट कडांची असते. एकदा बी दळले की दोन्हींची पूड सारखीच दिसते, म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून टाकळ्याची तयार पूड मुळीच घेऊ नये. खात्रीच्या टाकळ्याचे पेयही सारक असते, तेव्हा दिवसाला एक कप पुरे.

करताना बिघडते कुठे

नाचणीची पूड उकळली की पिठूळपणामुळे दाटते आणि कॉफीऐवजी पातळ आंबील हाती येते. नाचणी गडद तपकिरी होईपर्यंत मंद आचेवर भाजावी, रव्यासारखी जाडसर दळावी आणि उकळी आल्यावर निवळू देऊन फडक्यातून गाळावी. सगळी धान्ये एकत्र भाजणे ही दुसरी चूक होय, कारण सोयाबीन आतून कच्चे असते तेव्हाच नाचणी करपू लागते. कडवटपणा आणि कच्चट वास एकाच कपात आले, तर कारण हेच असते.

गुळाने दूध फाटते, कारण गूळ किंचित आम्लधर्मी असतो आणि उकळत्या दुधात ते आम्ल लगेच काम करते. गूळ बिनदुधाच्या अर्कात विरघळवून भांडे खाली उतरवावे आणि उकळून जरा निवलेले दूध शेवटी घालावे. पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरच्या दमट हवेत या पुडी चटकन गोळा होतात, त्यामुळे ओला चमचा बरणीत घालू नये.

कॅनमधील कॉफीबाबत

जपानमध्ये यूसीसी कंपनीने १९६९ साली दूध घातलेली कॉफी कॅनमध्ये आणली. ती टिकते ती बंद डब्यात उच्च तापमानाला निर्जंतुक केल्यामुळे. याचा अर्थ प्रत्येक कॅन बाहेर टिकतो असा नाही, 'थंड जागी ठेवा' असे छापलेला कॅन फ्रीजमध्येच हवा. साखर १०० मिलिलिटरमागे छापलेली असते, कॅन मात्र २०० मिलिलिटरचा असू शकतो. तेव्हा ८ ग्रॅमचा आकडा प्रत्यक्षात १६ ग्रॅम, म्हणजे सुमारे चार चहाचे चमचे होतो.

उन्हाळ्यात आटपाडी-जतकडे निघताना मोटारीत कॅन ठेवून देण्याची सवयही सोडावी. उष्णताप्रेमी जिवाणूंचे काही बीजाणू (उष्णता सोसणारी सुप्त रूपे) निर्जंतुकीकरणातूनही तगतात आणि ५५ अंशांच्या आसपास वाढीला लागतात. त्यात कॅन फुगत नाही, आतील कॉफी मात्र आंबते. जपानमध्ये गरम कॅन विकणारी यंत्रे असल्याने तिथे या जिवाणूंना रोखणारा खास घटक कॉफीत घालतात, पण आपल्याकडील थंड कॉफीत तो असेलच असे गृहीत धरू नये. बंद कॅन गॅसवर तापवू नये, तो फुटू शकतो. उघडलेला कॅन तसाच न ठेवता उरलेली कॉफी काचेच्या भांड्यात ओतून फ्रीजमध्ये ठेवावी आणि लवकर संपवावी.

घरचा कॉफीचा अर्क बाटलीत गच्च बंद करून आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवण्याचे उपाय सांगितले जातात, ते करू नयेत. कॉफी लोणच्याइतकी आंबट नसते आणि हवा नसलेल्या कमी आम्लाच्या पदार्थात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष तयार होऊ शकते, ज्याचा वास वा चव कळेलच असे नाही. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला कॅनही त्याच कारणासाठी चाखून न पाहता टाकून द्यावा.