मोठ्या मुलांना भूगोलाचं अवांतर वाचन लावताना या चुका टाळा

नववी-दहावीच्या मुलाच्या हातात भूगोलाचं पुस्तक देताना आपण हमखास म्हणतो, "वाच, परीक्षेला उपयोगी पडेल." इथेच पहिली चूक होते. ते पुस्तक लगेच अभ्यासाच्या ढिगात जाऊन पडतं. त्याऐवजी त्याला पडलेल्या एखाद्या प्रश्नापासून सुरुवात करा. मार्च 2021 मध्ये एक अजस्र मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस वाहतूक बंद पडली. बाकीची जहाजं दुसऱ्या वाटेने का गेली नाहीत? नकाशा उघडला की आफ्रिकेला घातलेला वळसा दिसतो आणि वाचायला कारण मिळतं.

नकाशा बाजूला ठेवून वाचणं ही माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक. मध्य आशियातल्या अरल समुद्राचंच बघा. 1960 च्या सुमारास क्षेत्रफळात जगातलं चौथ्या क्रमांकाचं असलेलं हे सरोवर, अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवल्यामुळे आटत गेलं. नुसतं वाचलं तर हे वाक्य दोन दिवसांत विसरलं जातं. पण जुन्या अ‍ॅटलासमधला निळा ठिपका आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी ठेवून, एकेकाळी मासेमारीचं बंदर असलेलं मुयनाक शोधायला सांगा. किनारा कुठल्या कुठे गेलाय आणि गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत, हे कळल्यावर मुलं स्वतःहून विचारतात, मग तिथल्या लोकांचं काय झालं? पुढचं पुस्तक त्या प्रश्नावरच निवडा.

नकाशाही डोळे मिटून मानायचा नाही, हे जाता जाता सांगाच. नकाशाकार मर्केटरच्या 1569 च्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी आहे. लोकसंख्या, सीमा, देशांची नावं यांसाठी पुस्तकाच्या आवृत्तीचं साल बघायची सवयही याच वयात लागते.

फक्त 'भूगोल' या कपाटातली पुस्तकं देऊ नका. प्रवासवर्णनं, बातम्या, चरित्रं, सगळं चालेल. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञ मेरी थार्प यांची गोष्ट द्या. त्या काळी स्त्रियांना संशोधन जहाजावर घेत नसत. त्यांनी इतरांनी आणलेल्या खोलीच्या नोंदींवरून अटलांटिकचा तळ कागदावर उतरवला आणि मधल्या पर्वतरांगेतली खचदरी ओळखली. सहकाऱ्याने आधी ती उडवून लावली होती. भूखंड सरकतात ही कल्पना मान्य व्हायला पुढे याच कामाची मदत झाली.

वाचून झाल्यावर सारांश लिहून मागू नका. "यातलं काय पटलं नाही?" एवढंच विचारा.

आणि मूल फक्त ज्वालामुखींबद्दलच वाचत असेल, तर वाचू द्या. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या 1815 च्या उद्रेकाशी पोचलं की 1816 मध्ये युरोपात उन्हाळाच का आला नाही, पिकं का बुडाली, हे वाचावंच लागतं. तिथून हवामान आणि धान्याचे भाव दोन्ही जवळच आहेत.