आजारपणाचे खाडे बिनपगारी जाऊ नयेत म्हणून

कुपवाड, मिरज एमआयडीसीतले बरेच कामगार ताप आला की गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्या घेऊन घरी पडतात आणि महिनाअखेरीला ते खाडे बिनपगारी निघतात. पगाराच्या स्लिपवर 'ईएसआय' (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे कामगारांसाठीची सरकारी विमा योजना) म्हणून ०.७५ टक्के कापलेले दिसतात का बघा. दिसत असतील तर:

१. पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात किंवा त्यांच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडे जा. औषध मिळालं म्हणून लगेच उठू नका, आजारपणाचा दाखला मागून घ्या. मागची तारीख घालून मिळेल या भरवशावर राहू नका.

२. दाखल्याचा फोटो तिथूनच सुपरवायझरला व्हॉट्सॲप करा. 'फोन केला होता' याला पुढे कुणी विचारत नाही.

३. बरं वाटल्यावर फिटनेसचा दाखला घेऊन दावा भरा.

सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. पहिले दोन दिवस सहसा कोरडेच जातात, त्यामुळे साध्या सर्दीला हा खटाटोप परवडत नाही.

आणि हो, दाखल्यावरच्या दिवसांत तासगावकडे द्राक्षछाटणीला रोजंदारीवर जाऊ नका. दोन्हीकडचे पैसे घेता येत नाहीत.