धुळ्यात घर विकताय? भाव ठरवताना या चुका टाळा

देवपूरला आई-अप्पांचं रो-हाऊस होतं, ते विकायला काढलं तेव्हा पहिले आठ महिने नुसते वाया गेले, आणि घरात काहीच खोट नव्हती, खोट भावात होती. शेजारच्या काकांनी सांगितलं मागच्या गल्लीतलं पंचेचाळीसला गेलं, एका दलालाने मान डोलावली, मी आणि दादाने त्यावर अजून दोन लाख चढवले आणि गेटवर बोर्ड लावला. मागच्या गल्लीतल्या घराचा कागद मी खूप नंतर बघितला, 38 लाख, आणि विकणाऱ्यांनीही तेच सांगितलं. पंचेचाळीस त्यांनी मागितले होते, मिळाले नव्हते.

आपल्याकडे कोणी घर विकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कितलामा दिधं?" (कितीला दिलं?) आणि उत्तर क्वचितच खरं असतं, विकणारा वाढवून सांगतो, घेणारा कमी करून सांगतो. म्हणून ऐकीव आकड्यावर भाव ठरवू नका, तुमच्याच कॉलनीत नोंदणी झालेले व्यवहार बघा, ते कोणालाही बघता येतात आणि साधा ऑनलाइन शोध घ्यायला पैसेही लागत नाहीत.

बोर्डावरचा भाव म्हणजे बाजारभाव नाही

प्रॉपर्टीच्या वेबसाइटवर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिसतो तो मागितलेला भाव. आणि जी जाहिरात वर्षभर दिसत राहते ती तर त्या भावात घर जात नाही याचा पुरावा आहे, तरी आपण नेमकी तिलाच धरून आपला भाव काढतो. या जाहिराती एवढ्याचसाठी बघा की गिऱ्हाईक तुमच्यासोबत अजून कुठली घरं बघणार आहे.

रेडी रेकनर म्हणजे पण बाजारभाव नाही

हा सरकारी दर मुद्रांक शुल्क काढण्यासाठी असतो. 2023-24 आणि 2024-25 अशी दोन वर्षं तो वाढवलाच नव्हता, मग 1 एप्रिल 2025 पासून वाढवला. म्हणजे त्या दोन वर्षांत बाजार वर गेला असो की खाली, तक्ता तिथेच होता. पण म्हणून तो बाजूला टाकू नका, कारण सरकारी मूल्य तुमच्या विक्रीच्या रकमेच्या 110 टक्क्यांच्या वर गेलं तर आयकरात विक्रीची रक्कम म्हणून सरकारी मूल्यच धरतात. समजा सरकारी मूल्य 36 लाख आहे आणि तुम्ही 33 ला विकलं तर चालतं, 32 ला विकलं तर तुमचा नफा 36 धरून मोजला जाईल आणि वरच्या फरकाचा कर घेणाऱ्यालाही लागू शकतो. घाईत भाव पाडून देणाऱ्यांना हे कोणी आधी सांगत नाही, आणि नंतर सीएकडे गेल्यावर कळून उपयोग नसतो.

इंडेक्स टू काढला, पण वाचला चुकीचा

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकला की त्या नंबरवरचे दस्त दिसतात, त्यातून सूची क्रमांक 2 म्हणजे इंडेक्स टू, म्हणजे त्या दस्ताचा गोषवारा, उघडतो. इथे पहिली अडचण गावाच्या नावाची येते. आपण सगळ्याला देवपूर म्हणतो, पण कॉलनी कागदावर वलवाडी शिवारात असू शकते, आणि तुम्ही देवपूर टाकून बसलात तर काहीच सापडत नाही मग माणूस म्हणतो साइट बेकार आहे. तुमच्याच खरेदीखतावर मौजे (गाव) कोणतं लिहिलंय ते आधी बघा. दुसरं म्हणजे नुसता प्लॉट नंबर टाकू नका, लेआउटचा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर टाका, कॉलनीतले बरेचसे व्यवहार एकाखाली एक येतात. तीन वर्षं मागे जा, बस.

मला चौदा कागद मिळाले आणि मी त्यांची सरळ सरासरी काढली. हीच मोठी चूक. दादाने पुण्याहून फोनवर एकेक कागद वाचायला लावला तेव्हा कळलं की त्यात दोन बक्षीसपत्रं आहेत, एक हक्कसोड आहे, एक चूक दुरुस्तीपत्र आहे, म्हणजे या चारात विक्री नाहीच, आणि एकाच घराचं आधी साठेखत (विकायचा करार) नि चार महिन्यांनी खरेदीखत असं दोनदा आलंय. पहिल्या ओळीत विलेखाचा प्रकार म्हणजे दस्त कसला आहे ते लिहिलेलं असतं, ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊच नका.

त्याखाली मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे असतात. मोबदला म्हणजे कागदावर दिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे सरकारी मूल्य, नावाला फसू नका. दोन्ही आकडे अगदी एकसारखे दिसले, किंवा मोबदला चारदोनशे रुपयांनीच वर असला, तर तो व्यवहार भाव काढायला धरू नका, असा कागद बऱ्याचदा सरकारी दराला टेकवून केलेला असतो आणि खरी किंमत त्यात नसते. देणारा-घेणारा एकाच आडनावाचे असतील तरी चौकशी करा, भावाभावातला व्यवहार असू शकतो. आणि तारखा दोन असतात, दस्त करून दिल्याची आणि नोंदणीची, पण सौदा ठरतो त्याच्याही आधी, कर्जाच्या व्यवहारात तर दोन-तीन महिने आधी, म्हणून कागद जानेवारीचा असला तरी भाव दिवाळीच्या आसपासचा समजा.

चौदातले पाच उरले. पण त्या पाचांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवू शकत होतो.

(कागदावरच्या किमतीच्या वरची रक्कम रोख देतो म्हणणारा भेटला तर नाही म्हणा. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, दंड घेणाऱ्याला म्हणजे तुम्हालाच लागतो.)

क्षेत्रफळाचा घोळ

कागदावर बऱ्याचदा चौरस मीटर, तोंडी सगळे चौरस फूट. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. फ्लॅट असेल तर एका कागदात कार्पेट (भिंतींच्या आतलं) आणि दुसऱ्यात बिल्टअप (भिंती धरून) असू शकतं, दोन्ही कार्पेटवर आणल्याशिवाय तुलना करू नका. रो-हाऊसचं गणित तर वेगळंच, तिथे मुख्य किंमत प्लॉटची. समजा एखादं घर 38 लाखाला गेलं, प्लॉट 1,200 फूट, बांधकाम 900 फूट आणि जुनं आहे म्हणून बांधकामाला फुटाला हजार धरले, तर बांधकामाचे 9 लाख गेले, उरले 29, म्हणजे जागेचा दर साधारण 2,400. हे आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. मी सरळ 38 ला 900 ने भागत होतो आणि आपलं बांधकाम 1,100 फूट म्हणून खूश होत होतो, पण आमचा प्लॉट लहान होता ना.

मग गल्लीतला फरक लावा. पाणी किती दिवसांनी येतं आणि प्रेशर कसं, बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, दारासमोर रस्ता किती फुटी, गाडी आत जाते का, हॉल पश्चिमेला तोंड करून तापतो का. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये घर बघायला आलेला माणूस दुपारी दोनला वरच्या खोलीत उभा राहिला की तिथेच त्याचा भाव ठरतो, म्हणून सकाळी बोलवा पण ऊन लपवू नका, विचारलं तर खरं सांगा.

अजून एक, किचनला आणि फरशीला तुम्ही जेवढे घातले तेवढे परत मागू नका. घर लवकर जायला त्याची मदत होते, पण पूर्ण पैसे येत नाहीत. अप्पांनी हौसेने केलेल्या सागवानी देवघराची किंमत आमच्यासाठी मोठी होती, घेणाऱ्यासाठी नव्हती, आम्ही ते शेवटी दादाकडे नेलं.

लावलंय पण विकत नाहीये, तर कुठे बघायचं

फोनच येत नसतील तर भाव जास्त आहे, फोटो-बिटो नंतर बघा. फोन येतात पण बघायला कोणी येत नाही तर फोनवर सांगितलेलं काहीतरी अडतंय, बहुतेक रस्ता नाहीतर पाणी. बघून जातात आणि परत फिरकत नाहीत तर स्वतः त्याच भावात मिळणारी दुसरी दोन घरं गिऱ्हाईक म्हणून बघून या, मी हे केलं आणि घरी येऊन त्याच रात्री दादाला फोन लावला. पितृपक्षात मात्र शांतता असेल तर घाबरून भाव पाडू नका, तेव्हा कोणी टोकन देत नाही, आखाजी (अक्षय्य तृतीया) नि दसऱ्याच्या आधी हालचाल होते.

सौदा ठरून बँकेत अडकला तर ते दुखणं वेगळं. बँक कर्ज देताना सौद्याची रक्कम आणि स्वतःच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत यातली कमी असेल ती धरते, आणि 30 ते 75 लाखाच्या गृहकर्जात जास्तीत जास्त 80 टक्के. सौदा 50 लाखाचा आणि व्हॅल्युएशन 44 चं आलं तर कर्ज 40 ऐवजी 35 लाख 20 हजार, उरलेले 4 लाख 80 हजार घेणारा कुठून आणणार. अशा वेळी तुमच्याकडचे चांगले इंडेक्स टू व्हॅल्युअरला द्या, तोही तेच शोधत असतो. त्याने तरी आकडा हलला नाही तर बँक नाही, तुमचा भाव परत तपासा.

सोबत घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, सिटी सर्व्हेचा उतारा, बांधकाम परवानगी, जुन्या कर्जाचा बोजा कमी केल्याचा कागद तयार ठेवा. आमच्या उताऱ्यावर अप्पांच्या फिटलेल्या कर्जाचा बोजा तसाच होता, तो काढण्यात दीड महिना गेला.

शेवटी शिंदखेड्याकडचे एक शिक्षक नवरा-बायको आले, मुलीच्या शाळेसाठी धुळ्यात घर हवं होतं. मी पाच कागद टेबलावर ठेवले, त्यांनी पिशवीतून तीन काढले, तिन्ही माझ्या पाचात होते. बोलणं अर्ध्या तासात संपलं, मग चहा झाला आणि घर त्या शिक्षिका बाईंच्या नावावर घ्यायचं ठरलं, महिलेच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते ना.