कोल्हापुरात कुत्रा घेऊन राहायला येणाऱ्यांसाठी: पट्टा कुठे सोडावा, कुठे मुळीच सोडू नये

नोकरीतील बदलीमुळे, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा निवृत्तीनंतर कोल्हापुरात राहायला येणारी अनेक कुटुंबे आता आपला कुत्राही सोबत आणतात. घर पाहताना पाणी किती वाजता येते, शाळा किती लांब आहे, भाजी कुठे चांगली मिळते याची चौकशी सगळेच करतात. कुत्र्याला रोज कुठे न्यायचे आणि तिथे कसे वागायचे हे मात्र बहुतेकांना पहिला वाद झाल्यावरच विचारावेसे वाटते. मी स्वतः विदर्भातून इथे येऊन स्थायिक झालेली आहे, घरात कायम कुत्री राहिली आहेत आणि नव्याने आलेल्या ओळखीच्या लोकांना हीच माहिती तोंडी अनेकदा दिली आहे. ती एकदा नीट लिहून काढावी म्हणून हा प्रपंच.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की या शहरात मोकळी दिसणारी जागा क्वचितच रिकामी असते. पहाटेचा रंकाळा पाहा. ज्येष्ठ नागरिक काठाने फिरत असतात, तालमीतले पैलवान आणि पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणारी मुले धावत असतात, आंघोळ करून अनवाणी अंबाबाईच्या दर्शनाला निघालेली माणसे असतात, पहाटेचा नमाज आटोपून परतणारे असतात, आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाणारी लहान मुले असतात. यांपैकी प्रत्येकाला कुत्र्याच्या जवळ येण्याचा त्रास वेगळ्या कारणाने होतो. कुणाला लहानपणी चावा बसलेला असतो, कुणाचे सोवळे मोडते, कुणाचे नमाजाचे कपडे कुत्र्याच्या लाळेने अपवित्र होतात, तर धावणाऱ्याचा पाय मुरगळण्याची भीती असते. आपला कुत्रा मोकळा सोडला की या सगळ्यांच्या वतीने निर्णय आपण घेतलेला असतो आणि त्यांना कुणीही विचारलेले नसते. वादाचे मूळ तिथेच असते.

‘तो काही करत नाही’ हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्यांच्या तोंडी इतके बसलेले आहे की ते समोरच्याला काय सांगते याचा विचार होत नाही. कुत्रा काही करत नाही याची खात्री तुम्हाला आहे, कारण तुम्ही त्याच्यासोबत राहता. समोरच्याला फक्त आपल्याकडे वेगाने येणारे पंचवीस-तीस किलोंचे जनावर दिसते. शिवाय चावणे हेच काही एकमेव ‘करणे’ नव्हे. प्रेमाने अंगावर झेपावलेल्या लॅब्राडोरमुळे पडून म्हातारे माणूस कमरेचे हाड मोडून घेऊ शकते. रंकाळ्याच्या काठावर काठी टेकत चालणाऱ्या एका आजोबांकडे असाच एक कुत्रा खेळायला धावला आणि त्यांनी काठी उगारताच मालकाने उलट त्यांनाच सुनावले, हे मी जवळून पाहिले आहे. आजोबांची काठी योग्य होती असे माझे स्पष्ट मत आहे. अशा वेळी आधी कुत्रा धरावा, मग ‘काका, चुकलं’ एवढेच म्हणावे. त्याच्या स्वभावाचे वर्णन करू नये.

इथल्या बोलण्याविषयीही नव्याने आलेल्यांनी गैरसमज करून घेऊ नये. ‘ओ साहेब, कुत्रं धरा की!’ हे पुण्या-मुंबईच्या कानाला भांडणाचे आमंत्रण वाटते, पण इथे ती साधी सूचना असते. ती ऐकून ताबडतोब पट्टा आखडला, तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी कुत्र्याचे नाव विचारतो. त्यावर युक्तिवाद सुरू केला, तर मात्र कट्ट्यावरचे चार जण उठून येतात.

दुसरी अडचण कोल्हापूरची खास आहे, ती म्हणजे म्हशी. गंगावेशीसारख्या ठिकाणी दूध कट्ट्यावर आजही गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून दिली जाते आणि जुन्या पेठांमधून म्हशी रस्त्याने चालत ये-जा करतात. शहरात वाढलेल्या कुत्र्याने म्हैस पाहिलेलीच नसते. तो एक तर घाबरून भुंकतो किंवा मागच्या पायांशी लगट करतो, आणि दोन्हीचा परिणाम वाईट होतो. नुकतीच व्यालेली म्हैस रेडकापाशी आलेल्या कुत्र्यावर सरळ शिंगे रोखते. बुजलेली म्हैस गर्दीत उधळली तर माणसे चिरडण्याचा धोका असतो, आणि तसे काही झाले नाही तरी ती पान्हा सोडत नाही, म्हणजे गवळ्याच्या त्या वेळच्या कमाईला धक्का बसतो. त्यामुळे म्हशी समोरून येताना दिसल्या की रस्त्याची कडा धरावी, कुत्र्याला आपल्या शरीराच्या आड घ्यावे आणि कळप पुढे जाईपर्यंत उभे राहावे. सुरुवातीचे काही दिवस लांबूनच म्हशी दाखवून, शांत राहिल्याबद्दल खाऊ देत गेल्यास बहुतेक कुत्र्यांना सवय होते. दिवाळी पाडव्याला गवळी मंडळी म्हशी सजवून मिरवतात आणि पळवतात, त्या दिवशी मात्र त्या भागात कुत्रा नेऊच नये.

आता भटक्या कुत्र्यांविषयी, कारण खरी मारामारी बहुधा त्यांच्याशीच होते. प्रत्येक गल्लीतील टोळीची हद्द ठरलेली असते. नवा कुत्रा हद्दीत आला की ती भुंकते, आणि तो हद्द ओलांडून गेला की मागे फिरते. पट्ट्यातल्या कुत्र्याची पंचाईत अशी की त्याला पळताही येत नाही आणि कुत्र्यांच्या रिवाजाप्रमाणे बाजूने वळसा घेऊन, तोंड फिरवून, हुंगत भेटताही येत नाही. ताणलेला पट्टा त्याला समोरासमोर, छाती पुढे काढून उभा करतो, आणि समोरच्या कुत्र्यांना ते आव्हान वाटते. हेच कारण पाळीव कुत्र्यांमधील भांडणांनाही लागू आहे. एक मोकळा आणि एक बांधलेला अशी भेट सर्वांत धोक्याची असते, म्हणून समोर पट्ट्यातला कुत्रा दिसला की आपल्याही कुत्र्याला पट्टा लावावा आणि विचारल्याशिवाय जवळ नेऊ नये. ‘जरा भेटू दे की’ असा आग्रह कुणी केला तरी नकार देण्यात काही वावगे नाही.

भटकी कुत्री अंगावर आलीच तर धावू नये आणि कुत्र्याला उचलून डोक्यावर धरू नये, कारण मग ती तुमच्या अंगावर उड्या मारतात. जागच्या जागी उभे राहून, पट्टा आखूड पण सैल ठेवून, त्यांच्याकडे रोखून न बघता हळूहळू आल्या वाटेने मागे यावे. खाली वाकून दगड उचलल्याचा नुसता आविर्भाव केला तरी बहुतेक कुत्री थांबतात. दगड मारण्याची गरज नसते. जुंपलीच तर तोंडाजवळ हात घालू नये. गळपट्टा पकडायला गेलेल्या मालकांनाच अशा वेळी सर्वाधिक चावे बसतात. पाणी ओतणे, छत्री उघडणे किंवा दोघांमध्ये पिशवी आडवी घालणे यांनी काम होते. दोन माणसे असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून मागे ओढावे.

वाट ठरवताना मटणाची दुकाने लक्षात ठेवावीत. कोल्हापुरात रविवारी आणि बुधवारी सकाळी त्यांच्यासमोर गर्दी असते आणि तुकड्यांच्या आशेने कुत्र्यांचे घोळकेही जमतात. खाण्यावरून ती एरवीपेक्षा जास्त आक्रमक असतात. शिवाय रस्त्यावर पडलेली शिजवलेली हाडे कुत्र्याच्या घशात आणि आतड्यात रुततात. त्या दोन दिवशी वेगळी वाट धरावी. पावसाळ्यानंतर विणीचा हंगाम असतो, त्यामुळे माजावर आलेली मादी बाहेर नेऊ नये आणि पिल्ले असलेल्या कुत्रीच्या आसपासही फिरकू नये. गणेश विसर्जन आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या आवाजाने शांत कुत्राही पट्टा तोडून पळतो. त्या काळात फेरी पहाटेच आटोपावी.

गल्लीतल्या कुत्र्यांशी जुळवून घेण्यासाठी त्यांची ओळख करून घ्यावी. कानाला कातरल्याची खूण असेल तर त्या कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले आहे आणि बहुधा त्याच वेळी रेबीजची लसही दिलेली आहे असे समजावे. खायला घालायचे असेल तर शेजाऱ्यांशी बोलून जागा आणि वेळ ठरवावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत जिने, प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा यांपासून दूर खाऊ घालावे असे सांगितले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने रस्त्यात कुठेही खाऊ घालण्यास मनाई करून त्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास पालिकांना सांगितले आहे. भूतदया आणि शेजारधर्म यांत इथे विरोध मानण्याचे कारण नाही. भांडण होते ते आपल्या दारात नव्हे तर दुसऱ्याच्या दारात भाकरी टाकल्यामुळे.

कायद्याचे इतर दोन मुद्दे थोडक्यात सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातील जनावरामुळे माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट, कुत्र्याला ठार किंवा जायबंदी करणाऱ्यावर कलम ३२५ लागू होते. कुत्रा पाळता म्हणून घर सोडा असा ठराव गृहनिर्माण संस्थेला करता येत नाही. पण जिन्यात आणि लिफ्टमध्ये पट्टा लावणे आणि विष्ठा स्वतः उचलणे ही अपेक्षा पूर्णपणे रास्त आहे. सोबत जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे किंवा पिशवी ठेवावी. रंकाळ्याच्या पदपथावर राहिलेली एक घाण सगळ्याच कुत्रेवाल्यांच्या नावावर जमा होते.

मग पट्टा सोडायचा कुठे, हा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. कुत्र्याला धावायला मिळायलाच हवे. रंकाळा, टाऊन हॉलची बाग, पंचगंगेचा घाट या जागा त्यासाठी नाहीत. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात मोर आहेत, आणि मोरामागे कुत्रा सोडणे हे वन्यजीव कायद्याच्या दृष्टीने गंभीर प्रकरण ठरू शकते. सर्वांत चांगला उपाय म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचे रान. ऊस तुटून गेल्यावर, साधारण डिसेंबरनंतर, शहराच्या आसपासची बरीच शेते काही काळ मोकळी असतात आणि विचारले तर मालक सहसा नाही म्हणत नाहीत. मात्र प्रत्येक वेळी विचारावे. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर जुन्या बुडख्यातून येणाऱ्या उसाला, कोंब फुटले असतील तर ते तुडवले जातात, आणि खतासाठी शेतात मेंढरे बसवलेली असतील तर धनगराची राखणीची कुत्री तुमच्या कुत्र्याला पाहुणा समजणार नाहीत. उभ्या उसात कुत्र्याला शिरू देऊ नये, कारण तिथे घोणस असते आणि रानडुकरांसाठी लावलेल्या तारा असतात.

तिथेही पहिले काही महिने दहा मीटरची हलकी दोरी छातीच्या पट्ट्याला बांधून ती जमिनीवर घसटत ठेवावी, म्हणजे वेळ आली तर दोरीवर पाय ठेवून कुत्रा थांबवता येतो. हाक मारताच येणे ही सवय घरातच, मग अंगणात, मग रानात अशी वाढवत न्यावी, आणि आल्यावर दर वेळी पट्टा अडकवून घरी नेऊ नये; खाऊ देऊन पुन्हा सोडावे, नाहीतर हाक म्हणजे खेळ संपला असे तो शिकतो. मुधोळ किंवा कारवानी जातीचा कुत्रा असेल तर जास्त सावध राहावे. पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करण्यासाठीच ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली आहेत, आणि ससा उठल्यावर त्यांना हाक ऐकू येत नाही.

इतके करूनही चावा बसलाच तर वाद बाजूला ठेवून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट किंवा चुना लावू देऊ नये. नंतर सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय दवाखान्यात जावे, जिथे रेबीजची लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. रक्त आलेल्या जखमेत लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. कुत्रा लसवंत आहे म्हणून थांबू नये. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. मालकाने लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, तो समोरच्याला तिथल्या तिथे द्यावा, आपला खरा नंबर आणि पत्ता द्यावा आणि सोबत दवाखान्यात जावे. कुत्र्याला दहा दिवस घरी बांधून त्याच्यावर लक्ष ठेवावे, रोज जखमी व्यक्तीची चौकशी करावी, आणि दहाव्या दिवशी कुत्रा निरोगी असल्याचे स्वतः जाऊन सांगावे, म्हणजे पुढचे डोस थांबवायचे की नाही हे डॉक्टरांना ठरवता येते.