चालू बुकिंग सर्व्हरची प्रत मडगावला नेण्याआधी

पणजीच्या हॉटेलातला बुकिंगचा डेटाबेस बंद न पाडता मडगावच्या ऑफिसात त्याची रेप्लिका (मूळ सर्व्हरचे बदल सतत उतरवून घेणारी प्रत) उभी करायची, तर आधी वेळ ठरवा. डिसेंबर नकोच. पावसात गिऱ्हाईक कमी, पण वीज जाते. दोन्हीकडचे यूपीएस लोड टाकून तपासा. 'रात्री उरकू' हेही नको, कारण मध्यरात्रीनंतर नाईट ऑडिट, म्हणजे हॉटेलचा दिवसाचा हिशेब बंद करायचं काम, चालतं. ते का नडतं, ते पुढे येईल.

खालचं सगळं मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस धरून आहे. बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद, हीच वाचून रेप्लिका चालते) त्यात मुळातच चालू असतो, तरी पाहून घ्या. डिस्क वाचवायला कुणी बंद केला असेल, तर तो सुरू करायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. लॉग ३० दिवस राहतात. ही मुदत कुणी कमी केली असेल आणि डंप (सगळ्या डेटाची काढलेली फाईल) रेप्लिकेत भरेपर्यंत लॉग पुसले गेले, तर १२३६ ची एरर येऊन सगळं पहिल्यापासून. सर्व्हर-आयडी, म्हणजे सर्व्हरचा ओळख क्रमांक, मुळात दोन्हीकडे १ असतो; रेप्लिकेचा बदला, चालू सर्व्हरला हात नको. व्हर्चुअल मशीन क्लोन केलं असेल तर रेप्लिकेवरची ऑटो.सीएनएफ फाईलही काढून टाका, नाहीतर यूयूआयडी (सर्व्हरची दुसरी, आपोआप बनलेली ओळख) सारखाच राहतो. रेप्लिकेची आवृत्ती सोर्सपेक्षा, म्हणजे पणजीच्या मूळ सर्व्हरपेक्षा, जुनी नसावी.

रेप्लिकेशनसाठी वेगळा युजर, त्याला फक्त रेप्लिकेशन स्लेव्हचा अधिकार. नव्या पासवर्ड पद्धतीला सुरक्षित कनेक्शन लागतं, म्हणून टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) लावा. मायएसक्यूएलचं पोर्ट ३३०६ जगाला उघडं ठेवू नका, व्हीपीएन (दोन ऑफिसांमधला खासगी मार्ग) घ्या.

आता डंप. मायएसक्यूएलडंपला सिंगल-ट्रान्झॅक्शन (टेबलं अडवून न ठेवता एकाच क्षणाचं चित्र घेतो) आणि सोर्स-डेटा=२ हे दोन्ही पर्याय द्या (८.०.२६ च्या आधी मास्टर-डेटा). दुसऱ्यामुळे लॉगची फाईल आणि पोझिशन डंपच्या सुरुवातीलाच कॉमेंट म्हणून लिहिली जाते. मात्र त्यासाठी सुरुवातीला क्षणभर सगळ्या टेबलांवर रीड लॉक (वाचता येतं, लिहिता येत नाही) लागतो. ऑडिटची लांबलचक क्वेरी चालू असेल, तर लॉक तिच्यामागे थांबतो आणि बाकीच्या क्वेऱ्या लॉकमागे. रिसेप्शनची स्क्रीन गोठते. म्हणून आधी प्रोसेसलिस्ट (चालू क्वेऱ्यांची यादी) पाहा, ऑडिट संपल्यावर पहाटे सुरू करा. जुन्या हिशेबाची टेबलं मायआयसॅम या जुन्या साठवण पद्धतीत असतील, तर त्यांना सिंगल-ट्रान्झॅक्शनचा उपयोग नाही. इनोडीबी या आताच्या पद्धतीत आधी बदला. डंप चालू असताना आल्टर टेबल (टेबलाची रचना बदलायची कमांड) कुणी मारू नये, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नसलेली मोठी टेबलंही शोधून ठेवा, रेप्लिका तिथेच मागे पडते.

रेप्लिकेवर सुपर-रीड-ओन्ली (तिथे कुणालाच लिहू न देणारं) आणि रिले-लॉग-रिकव्हरी (अर्धवट उतरलेला लॉग टाकून सोर्सकडून पुन्हा आणणारं) ही सेटिंग्ज चालू करा. पहिलं नसेल तर कुणी तिथेच नोंद घालतो आणि १०६२ ची डुप्लिकेट एरर येते. दुसरं वीज गेल्यावर कामी येतं. डंप मडगावला भरून, त्यात लिहिलेल्या पोझिशनपासून रेप्लिका जोडल्यावर दोन्ही थ्रेड (एक लॉग आणणारा, एक तो लागू करणारा) 'येस' दिसले, विलंब शून्य दिसला, तरी पुरे नाही: तो आकडा मिळालेल्या लॉगचाच, नेट अडकलं तरी शून्य दिसू शकतो. पणजीत खोटं बुकिंग घालून मडगावला दिसतं का पाहा. आणि रोजचा बॅकअप चालूच ठेवा. चुकीचा डिलीटही तितक्याच इमानाने मडगावला पोचतो.