स्टेशनवर म्हणजे ‘ऑन द स्टेशन’ नव्हे: इंग्रजीत जागा सांगताना या चुका टाळा

शाळेत आपण सगळ्यांनीच एक तक्ता घोकलेला असतो. इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली, निअर म्हणजे जवळ. पेन टेबलावर आहे, मांजर खुर्चीखाली आहे, इथपर्यंत हा तक्ता चोख चालतो. पुढे मात्र अडतं, कारण आपली रोजची वाक्यं पेन आणि मांजराची नसतात. ‘मी स्टेशनवर आहे’, ‘बँकेसमोर थांबलोय’, ‘घरी पोचलो’, ‘कोपऱ्यावरच्या दुकानाशी ये’ अशी ती असतात, आणि तक्त्यातला शब्द जसाच्या तसा लावला की ती एकेक करून बिघडतात.

बिघाडाचं मूळ एकच. मराठीतला ‘वर’ एकटाच भरपूर कामं उरकतो: टेबलावर पुस्तक, डोक्यावर पंखा, स्टेशनवर गर्दी, पुलावरून गाडी. ‘त’ आणि ‘मध्ये’ यांचंही तेच. इंग्रजी बोलणारा मात्र आधी त्या जागेकडे कसं बघायचं हे ठरवतो. आपण तिच्या आत आहोत? मग इन. पृष्ठभागाला टेकून किंवा एखाद्या रेषेला लागून आहोत? मग ऑन. आत-बाहेरशी काही घेणं नाही, नकाशावरच्या ठिपक्यासारखं नुसतं ठिकाण सांगायचंय? मग अ‍ॅट. यातला अ‍ॅट आपल्या तोंडून सगळ्यात कमी येतो, कारण त्याला मराठीत नेमका जोडीदार नाही.

‘वर’ दिसला की ऑन

स्टेशनवर, बसस्टॉपवर, विमानतळावर, सिग्नलवर. चारही ठिकाणी अ‍ॅट हवा. आय अ‍ॅम अ‍ॅट द स्टेशन. ‘ऑन द स्टेशन’ म्हटलं तर माणूस छपरावर चढून बसलाय की काय असं वाटतं. फलाट मात्र खरोखरचा पृष्ठभाग आहे, आपण त्यावर उभे असतो, म्हणून ऑन द प्लॅटफॉर्म बरोबर. एकाच वाक्यात दोन्ही आले तर असं होईल: आय अ‍ॅम अ‍ॅट ठाणे स्टेशन, ऑन प्लॅटफॉर्म टू.

वाहनांच्या बाबतीत मराठी उलट्या बाजूने फसवते. आपण बसमध्ये, ट्रेनमध्ये, विमानात असतो; इंग्रजीत ऑन द बस, ऑन द ट्रेन, ऑन द प्लेन. रिक्षा, टॅक्सी आणि कारला मात्र इन. ठोकताळा सोपा आहे: ज्यात उभं राहून चार पावलं चालता येतं ते ऑन, ज्यात वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं ते इन. सायकल, मोटारसायकल, घोडा यांच्यावर आपण मराठीतही ‘वर’च बसतो, तिथे ऑन. ‘इन द बस’ हे काही व्याकरणाचं पाप नाही. बाहेर धो धो पाऊस होता, आम्ही बसमध्येच बसून राहिलो, असं आतल्या जागेवर भर देऊन सांगायचं असेल तेव्हा ते शोभतं. प्रवासाचं साधन सांगायचं असेल तर बाय बस, बाय ट्रेन, मध्ये ‘द’ न घालता. पायी आलो तर ऑन फूट. ‘बाय वॉक’ आपल्याकडे इतकं रुळलंय की ते चूक आहे हेच पुष्कळांना पटत नाही. पण चूकच आहे.

आता तो डोक्यावरचा पंखा. टेबलफॅन असेल तर द फॅन इज ऑन द टेबल. छताचा पंखा टेबलाच्या वर फिरत असेल तर अबव्ह द टेबल किंवा ओव्हर द टेबल. टेकलेला नाही म्हणून ऑन नाही. विमान शहरावरून गेलं तर ओव्हर, कारण ते एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं. उंची मोजायची झाली तर अबव्ह: कळसूबाई १,६४६ मीटर अबव्ह सी लेव्हल. ‘खाली’चंही असंच, मांजर अंडर द टेबल, पण केरळातल्या कुट्टनाडची भातशेती बिलो सी लेव्हल.

पत्ता सांगताना: समोर, मागे, शेजारी

सर्वात जास्त घोटाळा ‘समोर’ करतो. पार्सलवाल्याचा फोन येतो, तो मराठी नसतो, आपण सांगतो, ‘माय हाऊस इज इन फ्रंट ऑफ द स्कूल.’ तो शाळेच्या फाटकापाशी येऊन उभा राहतो आणि त्याच फुटपाथवर घर शोधत बसतो. आपण रस्त्यापलीकडच्या बाल्कनीतून हात हलवतोय. चूक त्याची नाही. इन फ्रंट ऑफ म्हणजे त्या वस्तूच्या लगेच पुढ्यात. रस्ता ओलांडून समोरासमोर असेल तर ऑपोझिट. देवळासमोर नारळवाला बसतो, तो इन फ्रंट ऑफ द टेम्पल. देवळासमोर बँक आहे आणि मधून रस्ता जातो, तर बँक ऑपोझिट द टेम्पल.

गंमत म्हणजे दुकानांच्या पाट्यांवर हे बहुधा बरोबर छापलेलं असतं, ‘ऑपो. एस. टी. स्टँड’. पाटीखाली बसलेला मालक फोनवर मात्र ‘इन फ्रंट ऑफ’ म्हणतो. ऑपोझिटनंतर ‘ऑफ’ लावू नका, थेट जागेचं नाव घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांशी बोलताना याच अर्थाने ‘अक्रॉस फ्रॉम द बँक’ कानावर येईल, तेही चालतं.

एका छोट्या ‘द’मुळे इथे मोठा फरक पडतो. मूल इन फ्रंट ऑफ द कार आहे म्हणजे गाडीच्या पुढ्यात, रस्त्यावर उभं आहे, ब्रेक दाबा. मूल इन द फ्रंट ऑफ द कार आहे म्हणजे गाडीत पुढच्या सीटवर बसलंय.

‘मागे’साठी एकच शब्द पुरतो: बिहाइंड. ‘मागच्या बाजूला’ डोक्यात ठेवून आपण ‘ऑन द बॅकसाइड ऑफ द हॉस्पिटल’ म्हणतो. बॅकसाइड म्हणजे माणसाचं बूड. परदेशी पाहुण्याला वाट सांगताना तरी हा शब्द टाळावा. डावी-उजवी बाजू ऑन द लेफ्ट, ऑन द राइट. ‘इन लेफ्ट साइड’ नाही. जवळ असेल तर निअर द बँक, त्यात ‘टू’ किंवा ‘ऑफ’ नको. क्लोज म्हणालात तर मात्र ‘टू’ लागतो, क्लोज टू द बँक. भिंतीला भिंत लागून असेल तर नेक्स्ट टू.

कोपरा, नदी आणि दक्षिण

खोलीच्या कोपऱ्यात कपाट आहे: इन द कॉर्नर. रस्त्याच्या कोपऱ्यावर पानपट्टी आहे: ऑन द कॉर्नर किंवा अ‍ॅट द कॉर्नर. हे तर आपल्याला आयतं मिळालेलं आहे, कारण ‘कोपऱ्यात’ आणि ‘कोपऱ्यावर’ हा फरक आपण स्वतःच करतो. तसंच भिंतीचं. चित्र भिंतीवर, ऑन द वॉल. खिडकी भिंतीत, इन द वॉल. प्रत्येक वेळी मराठी विसरा असा सल्ला देणाऱ्यांचं म्हणूनच ऐकू नये.

नदी, किनारा, सरहद्द, रस्ता या इंग्रजीच्या नजरेत रेषा आहेत. नाशिक इज ऑन द गोदावरी. मुंबई इज ऑन द वेस्ट कोस्ट. ‘इन द गोदावरी’ म्हणालात तर अख्खं नाशिक पुरात गेलं. लोणावळा मुंबई आणि पुण्याच्या मध्ये आहे, म्हणून बिटवीन. दोन असतील तर बिटवीन आणि जास्त असतील तर अमंग, असं शाळेत शिकवतात ते अर्धंच खरं आहे. वेगवेगळी नावं घेता येत असतील तर तीन-चार गोष्टींनाही बिटवीनच चालतं: स्वित्झर्लंड फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या बिटवीन आहे. घोळक्यात, ढिगात, झाडीत असेल तर अमंग.

दिशा सांगताना मराठी जरा ऐसपैस वागते. ‘कोल्हापूर महाराष्ट्राच्या दक्षिणेला आहे’ आणि ‘गोवा महाराष्ट्राच्या दक्षिणेला आहे’, दोन्ही वाक्यं आपण बिनदिक्कत बोलतो. इंग्रजीत कोल्हापूर इन द साउथ ऑफ महाराष्ट्र, कारण ते राज्याच्या आत आहे. गोवा टू द साउथ ऑफ महाराष्ट्र, कारण तो बाहेर आहे. भूगोलाच्या पेपरात किंवा स्पर्धा परीक्षेत इन आणि टू यांची अदलाबदल झाली तर उत्तरच बदलतं.

मोठ्या शहराला इन, खेड्याला अ‍ॅट?

हा नियम अनेक जुन्या गाइडांत छापलेला आहे आणि अजून तसाच शिकवला जातो. आज तो विसरलेला बरा. गाव कितीही छोटं असो, तिथे राहता, जन्मलात, शेती करता, तर इन. तेच ठिकाण प्रवासातला थांबा असेल तर मोठ्या शहरालासुद्धा अ‍ॅट लागू शकतो: द ट्रेन स्टॉप्स अ‍ॅट कर्जत, द ट्रेन स्टॉप्स अ‍ॅट पुणे. आपल्याकडे पत्त्यात ‘मु. पो.’ लिहायची पद्धत आहे, त्याचं इंग्रजीत ‘अ‍ॅट पोस्ट’ झालं. पाकिटावर ते शोभतं. मुलाखतीत ‘आय लिव्ह अ‍ॅट पोस्ट अमुक’ म्हणू नका. आय लिव्ह इन आणि गावाचं नाव, बस. घराचा नंबर सांगायचा असेल तर अ‍ॅट, रस्त्याचं नाव सांगायचं असेल तर ऑन. ब्रिटिश लोक रस्त्याला इनही म्हणतात, त्यावरून वाद घालू नका.

घर, शाळा, कॉलेज यांचं थोडं वेगळं आहे. ‘मी घरात आहे’ याचं ‘इन होम’ होत नाही. अ‍ॅट होम किंवा इन द हाऊस. ‘शी इज इन कॉलेज’ म्हणजे ती कॉलेजात शिकते. ‘शी इज अ‍ॅट कॉलेज’ म्हणजे बहुधा आत्ता ती तिथे गेली आहे. पलंगावर कपडे पडलेत ते ऑन द बेड, आजोबा अंथरुणात झोपलेत ते इन बेड, ‘द’शिवाय.

जिथे काहीच नको, आणि जिथे शेवटी हवंच

पुण्याला पोचलो. या ‘ला’ने ‘रीच्ड टू पुणे’ होतं. रीचला टू लागत नाही: आय रीच्ड पुणे. अराइव्ह वापरलात तर शहराला इन आणि स्टेशनला अ‍ॅट. खोलीत शिरलो म्हणजे एंटर्ड द रूम, त्यात ‘इंटू’ नको. होम, हिअर, देअर, अब्रॉड, अपस्टेअर्स यांच्याआधीही टू येत नाही. ‘माझा भाऊ परदेशात गेला’ याचं ‘वेंट टू अब्रॉड’ करणारे हुशार लोक पुष्कळ आहेत. ‘होम’ऐवजी ‘माय हाऊस’ असं काही आलं की मात्र टू परत येतो: कम टू माय हाऊस, पण कम होम.

याच्या उलट चूक फारशी कोणी दाखवून देत नाही, कारण ती ऐकू येत नाही. ‘बसायला खुर्ची दे’, ‘लिहायला कागद दे’, ‘राहायला खोली हवी’. मराठीत इथे वर किंवा मध्ये कुठेच नाही, त्यामुळे ‘गिव्ह मी अ चेअर टू सिट’ हे आपल्याला पूर्ण वाटतं. इंग्रजीला ते लंगडं लागतं. अ चेअर टू सिट ऑन, पेपर टू राइट ऑन, अ रूम टू लिव्ह इन. प्रश्नातही तेच होतं. ‘तू कुठल्या इमारतीत राहतोस?’ यातला ‘त’ इमारतीला चिकटलेला असतो, म्हणून ‘विच बिल्डिंग डू यू लिव्ह?’ म्हणताना काही सुटलंय हे जाणवतच नाही. इन सुटलाय, तो शेवटी येतो: विच बिल्डिंग डू यू लिव्ह इन? शंका आली की मनात साधं उत्तर तयार करावं. आय लिव्ह इन दॅट बिल्डिंग. उत्तरात इन असेल तर प्रश्नातही तो कुठेतरी असायलाच हवा.